डाव्या अंगाची कोर

पडद्यावर एक म्हातारा होता. धोतर, बंडी, डोक्यावर पटका, तोंडाचं बोळकं. हातात इंजेक्शन, तेही उलटं धरलेलं. बाजूले खाटेवर एक बाई आडवी. तिच्या डोळ्यांच्या जागी दोन फुल्या. म्हाताऱ्याच्या डोक्यावर हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह.

सगळा हॉल हसला.

तो म्हातारा मी होतो. ती बाई माझी बायको, पंचफुला.

मी धोतर नेसत नाही. पायजमा घालतो. तोंडात बरेच दात आहेत अजून. इंजेक्शन मी कधी उलटं धरलं नाही. पण चित्र काढणाऱ्यानं मले पाह्यलं नव्हतं. त्याले पाहायची गरजही नव्हती.

वाशीमचा हॉल होता तो. पंखे, गाद्यांच्या खुर्च्या. जिल्ह्यातल्या नर्सबाया, आशाताया, कंपाउंडर, सगळे बोलावलेले. पुढं एक मोठे साहेब बोलत होते. त्यांच्या हातात लाल उजेडाची कांडी होती. ते जिथं दाखवत तिथं पडद्यावर लाल ठिपका पडे. तो ठिपका पंचफुलाच्या पोटावर फिरत होता.

साहेब म्हणाले, “चित्र काढून दिलं तरी यांना कळत नाही. आता काय करायचं आपण? यांच्यासाठी सिनेमा काढायचा?”

लोक पुन्हा हसले.

माझ्या बाजूले आमच्या वस्तीतली आशाताई बसली होती. माझ्या चुलतभावाची सून. तीही हसली. मग तिच्या ध्यानात आलं की बाजूले कोण बसलं आहे. तिनं पदर तोंडाले लावला.

“मामाजी, चुकून हसली मी.”

मी म्हटलं, “हास. सगळेच हासून राह्यले.”

तिनंच मले आणलं होतं. आदल्या दिवशी घरी येऊन सांगे, “साहेब लोक पंचफुला मामीची केस घेऊन राह्यले. तुमी चला. तुमाले विचारतीन.” मले वाटलं, आता विचारतील. पंचफुलाले जाऊन पाच महिने झाले होते. कसं झालं, काय झालं, हे मले एकाही माणसानं विचारलं नव्हतं. तुमचं चुकलं, हे सांगून मात्र सगळे गेले होते. मी धुतलेला सदरा घातला. दवाखान्यातून मिळालेला तो चित्रांचा कागद घडी करून खिशात ठेवला. रिठदहून एसटीनं वाशीमले आलो. मागच्या रांगेत बसलो. मी हॉलमध्ये आहे हे साहेबांले माहीतच नव्हतं.

लोकांले वाटंल मले राग आला असंल. नाही आला. पंचफुला गेली तेव्हापासून मले काहीच येत नाही. रडू येत नाही. भाकर खातो, चव येत नाही. पाय चालतात म्हणून चालतो. तिथंही मी नुसता पाहत होतो. लाल ठिपका इकडं गेला, तिकडं गेला.

काय झालं होतं ते सांगतो.

पंचफुलाले शुगर होती. गोळ्यांवर चालू होतं. मग सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गोळीनं भागत नाही, आता सुई घ्यावी लागंल, दोन टाइम. पंचफुलाची नजर कमजोर झाली होती, म्हणून सुई मले शिकवली. नर्सबाईनं दाखवलं, कशी भरायची, रेघा कशा मोजायच्या, पोटाचं कातडं कसं चिमटीत धरायचं. ते मी एका झटक्यात शिकलो. माझा हात चांगला आहे. मी जनावराले काढा पाजला आहे, काटे काढले आहेत.

किती द्यायचं हे कागदावर लिहून द्यायचं होतं. नर्सबाईच्या टेबलावर दोन गठ्ठे होते. एक लिहिलेल्या कागदांचा, एक चित्रांच्या कागदांचा. तिनं लिहिलेला कागद घेतला, पंचफुलाचं नाव टाकलं. मग मान वर करून मले विचारलं, “आजोबा, शाळा किती?”

“तिसरी.”

तिनं तो कागद बाजूले ठेवला.

“मग हा नको. हा चित्रांचा घ्या. तुमच्यासारख्या अडाणी लोकांसाठी खास आलाय.”

ती वाईट बोलली नाही. मायेनंच बोलली. एखाद्या लेकराले खाऊ द्यावा तसा तिनं कागद हातात दिला.

मी तिसरी शिकलो आहे. मले एसटीची पाटी वाचता येते. सातबारा वाचता येतो. विहारातल्या फळ्यावर लिहिलेलं मी थांबून थांबून वाचतो. सकाळ हा शब्द मले वाचता येतो. रात्र हाही येतो. त्या बाजूले ठेवलेल्या कागदावर ते दोन्ही शब्द होते. मी उलट्या बाजूनंही वाचले होते. पण हा नको म्हटल्यावर मी हात पुढं केला नाही.

तिनं पेन्सिल फिरवली. “या चित्राला वीस. या चित्राला दहा. समजलं?”

मी म्हटलं, “समजलं.”

मागं लय मोठी लाइन होती. पण लाइनीमुळं मी समजलं म्हटलं नाही. ती सवय जुनी आहे.

शाळेत आम्ही दाराजवळ बसायचो. आमच्या वस्तीची चार पोरं. पुढं ज्यांच्या घरी बैलजोड्या त्यांची पोरं. गुरुजी कपाटातून चार्ट काढायचे, गुंडाळी सोडून खिळ्याले लटकवायचे. त्या चार्टले आमच्यातल्या कोणी हात लावायचा नाही, हे कोणी सांगायची गरज नव्हती. एक दिवस गुरुजींनी एक चार्ट लावला. गोल, आत गोल, आत आणखी गोल. छडी माझ्याकडं केली. “काय होय हे?”

मी पुढं सरकलो, नीट दिसावं म्हणून.

“तिथूनच पाह्य.”

मी तिथूनच पाह्यलं. म्हटलं, “कांदा. मधून कापलेला कांदा.”

तो डोळा होता. माणसाचा डोळा, मधून कापलेला. माणसाचा डोळा मधून कापलेला मी कुठं पाह्यला असणार? गुरुजींनी छडी माझ्या कपाळाले टेकवली. “पाहा रे, याले डोळा कांदा दिसते. याच्या घरी डोळ्याची भाजी करत असतीन.” सगळा वर्ग लोळून हसला. मग मी गावभर कांदा झालो. काय गा कांद्या, म्हातारपणापर्यंत म्हणणारे होते. त्यानंतर मी कोण्या चित्रावर कधी प्रश्न विचारला नाही. कोणी चित्र दाखवलं की म्हणायचं, समजलं. त्या वर्षीच शाळा सुटली.

तर तो कागद घेऊन आम्ही घरी आलो. ओट्यावर बसलो. कागदावर दोन चित्रं होती. एकात दोन टेकड्या, मधात अर्धा सूर्य, खाली झोपडी, वर पाखरं. त्यापुढं वीस. दुसऱ्यात काळं आभाळ, चंद्राची कोर आणि एक चांदणी. त्यापुढं दहा.

मी पाहत बसलो. पंचफुला म्हणाली, “आना इकडं.”

“तुले दिसते काय त्यातलं?”

“तुमाले दिसून कोणता उजेड पडला? आना.”

तिनं कागद डोळ्याजवळ धरला. लांब केला. पुन्हा जवळ धरला. मग म्हणाली, “हा तर बुडता सूर्य होय. टेकड्याइच्या मधात चालला. पाखरं घरी चालली, पाहा.”

आमच्या गावाले टेकड्या मावळतीकडं आहेत. उगवतीकडं सपाट शेतं. आमचा सूर्य तुरीतून वर येतो आणि टेकड्यांच्या मधात बुडतो. आयुष्यभर आम्ही तेच पाह्यलं. पाखरं टेकडीकडं जाताना दिसली की निंदणं सोडायचं, हे आमचं घड्याळ.

“आन हे?” मी कोरीवर बोट ठेवलं.

“हे पहाटची. डाव्या अंगाले फुगली हाये ना? सांजची कोर उजव्या अंगाले फुगते. बाजूले चांदणी बी काढली. माही उठाची चांदणी.”

त्या चांदणीवर तिनं सगळा जन्म काढला. आमच्या घरात घड्याळ लय उशिरा आलं. चांदणी निघाली की पंचफुला उठे. चूल पेटवी, भाकरी बडवी, फडक्यात बांधी, उजाडायच्या आत बायांसोबत मजुरीले निघे. लोकांची सकाळ होई तोवर तिची अर्धी ओळ निंदून होई. आमची सकाळ चांदणीची होती, सूर्याची नव्हती. सूर्य डोक्यावर यायचा तो मालकाच्या शेतात.

मी म्हटलं, “म्हंजे चांदणीले दहा, दिवस बुडता वीस.”

“हाव. डाक्टर हुशार हाये बाई. मजुराचा टाइम वळखते.”

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो.

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. चांदणीले दहा. दिवस बुडताना वीस. मी सुई भरून, रेघा दोनदा मोजून, तिच्यापुढं बसायचो. ती म्हणे, “इतकं भीत भीत काय टोचता? सुई माह्या पोटात चालली का तुमच्या?”

सुईच्या दुसऱ्या दिवशी, रात्री जेवण झाल्यावर तिले घाम आला. हात कापत होते. म्हणे, उकडून राह्यलं. मी पंखा तिच्याकडं वळवला. तिसऱ्या दिवशीही तसंच. तिनं गूळ मागितला. मी म्हटलं, शुगरवाले गूळ खात नसतात. तिनं ऐकलं.

चौथ्या दिवशी चांदणी निघाली आणि पंचफुला उठली नाही. मी वाट पाह्यली. म्हटलं, झोपू द्या, एक दिवस. मग सुईचा टाइम झाला म्हणून हात लावला.

जीपमध्ये टाकून रिसोडले नेलं. तिथल्या डॉक्टरनं पापणी वर करून पाह्यली, सोडून दिली. मले विचारलं, सुई किती दिली. मी सांगितलं. कागद दाखवला. ते म्हणाले, “उलटं दिलं आजोबा तुम्ही. सकाळी वीस द्यायचं होतं. रात्रीच्या विसानं साखर पार उतरली. घाम सुटला तेव्हा गूळ द्यायचा होता.”

मी म्हटलं, “माझं चुकलं. मले चित्र समजलं नाही.”

चित्र पंचफुलानं वाचलं हे मी कोणाले सांगितलं नाही. डॉक्टरले नाही, लेकीले नाही, आशाताईले नाही. मेल्यावर तिले कोणी अडाणी म्हणावं हे मले नको होतं. पडद्यावरही त्यांनी मलेच काढलं. बरं झालं. आज पहिल्यांदा इथं लिहितो, कारण त्याच्यानंतर मी एक काम केलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पाहुणे गेले. अमावास्या दोन दिवसांवर होती तेव्हा पहाटे मी कागद घेऊन अंगणात उभा राह्यलो. उगवतीले कोर होती. डाव्या अंगाले फुगलेली. मी कागद वर धरला. कागदावरची कोर आणि आभाळातली कोर एकसारखी. मग अमावास्येनंतर दिवस बुडाल्यावर पाह्यलं. मावळतीले कोर, उजव्या अंगाले फुगलेली. कागदाच्या उलटी. पुढच्या महिन्यात पुन्हा पाह्यलं. त्याच्या पुढच्याही महिन्यात पाह्यलं. पंचफुलानं सांगितलं तसंच.

ज्यानं ते चित्र काढलं त्याले रात्र काढायची होती. त्यानं पहाट काढली. त्यानं आभाळाकडं पाह्यलं नव्हतं. पंचफुलानं पाह्यलं होतं. तिनं चित्र बरोबर वाचलं. बरोबर वाचलं म्हणून ती मेली.

हे माझ्या खिशात होतं आणि पुढं साहेबांचा लाल ठिपका फिरत होता.

मी उठलो. आशाताईनं सदरा ओढला. “मामाजी, बसा ना.”

“साहेब,” मी म्हटलं.

“प्रश्न शेवटी घेऊ.”

“मी तो म्हातारा होय.”

पुढच्या रांगेत एकजण हसला. त्याले गंमत वाटली. मग तो थांबला.

साहेबांनी कांडी विझवली. “आजोबा, तुम्ही बसा. तुमचं दुःख आम्ही समजू शकतो.”

“ते नका समजू. हे समजून सांगा.” मी पुढं गेलो. टेबलावर कागद पसरला. “हा सूर्य उगवून राह्यला का बुडून राह्यला?”

“उगवतोय. उघड आहे.”

“कायवरून?”

साहेबांनी कागद हातात घेतला. पाह्यलं. पुन्हा पाह्यलं. “असंच काढतात, आजोबा. सगळीकडे.”

मधल्या रांगेतून एक वयस्क नर्सबाई म्हणाली, “मला तर मावळता वाटते, सर.”

“छे गं, उगवता आहे,” तिच्या बाजूची म्हणाली.

“पाखरं कुठं चालली मग?”

हॉलमध्ये बोलणं सुरू झालं. सगळे शिकलेले लोक होते. अर्ध्यांले उगवता दिसला, अर्ध्यांले बुडता. हसलं मात्र कोणी नाही.

मी म्हटलं, “आन हे कोर सांजी दिसत नाही, साहेब. डाव्या अंगाले फुगलेली कोर पहाटची रायते. घरी जाऊन पाहा. तुमी तिले रात्र म्हणून छापली.”

साहेबांनी घड्याळ पाह्यलं. “चांगला मुद्दा आहे. नोंद घेऊ आपण. जेवणानंतर बोलू.”

लोक जेवायले उठले. बाहेर डब्यांचा वास. साहेब पुढच्या दारानं गेले. जेवणानंतर ते आले नाहीत, दुसरे साहेब आले, दुसऱ्या विषयाचे.

पण ते नंतर. लोक बाहेर गेले तेव्हा पडदा तसाच चालू होता. रिकामा हॉल. तो म्हातारा, ती खाटेवरची बाई, दोन फुल्या. कोणालेच वाटलं नाही की ते बंद करावं. मशीनजवळ एक माणूस डबा उघडून बसला होता.

मी म्हटलं, “बंद कर ते.”

“साहेबांना विचारावं लागते, बुवा. बटन दाबलं तर पुढचं चित्र येते.”

मी वाकलो. भिंतीतली पिन ओढून काढली. पडदा पांढरा झाला. त्या माणसाचा घास हातात राह्यला.

मी जेवलो नाही. आशाताई माझ्यामागं बसस्टँडपर्यंत आली. एसटीत बसल्यावर म्हणाली, “मामाजी, तो कागद मी बी वाटला हाये. आपल्या वस्तीत तिघाइले.”

“सांज व्हाच्या आत त्यायच्या घरी जाय,” मी म्हटलं. गावात उतरल्यावर ती थेट तिकडंच गेली.

आमच्या दवाखान्यात तेच चित्र मोठं करून भिंतीवर लावलं आहे. शुगरवाल्यांचा दिवस बुधवार. त्या बुधवारी मी दुकानातून काळा मार्कर घेतला. बाकड्यावर चढलो. शाळेत ज्याले हात लावायचा नव्हता तसाच चार्ट. मी डावा हात त्यावर टेकवला आणि सूर्याखाली लिहिलं, सकाळ. कोरीखाली लिहिलं, रात्र. अक्षर तिसरीचंच आहे. ळ थोडा वाकडा आला.

कंपाउंडर धावत आला. “ओ बुवा! सरकारी चार्ट हाये तो. गुन्हा दाखल होईन तुमच्यावर.”

“कर दाखल. माह्यं नाव लिव त्यात. चित्र नको काढू.”

त्यानं लिहिलं नाही. पुढच्या बुधवारी जुना चार्ट काढून नवा लावलेला होता. तसाच, कोरा. मी पुन्हा बाकड्यावर चढलो.

आता दर बुधवारी जातो. चार्टखाली बसतो. चित्रांचा कागद घेऊन म्हातारं माणूस बाहेर आलं की त्याले थांबवतो. विचारतो, सकाळची सुई कोणती? लोक म्हणतात, समजलं, समजलं. मी म्हणतो, समजलं म्हणू नका. बोट ठेवून दाखवा. नर्सबाईले हे आवडत नाही. ती म्हणते, आजोबा, गर्दी होते. मी उठत नाही.

मागच्या बुधवारी एका बाईनं कोरीवर बोट ठेवलं. म्हणाली, “हे सकाळ होय. चांदणी हाये ना.”

मी तिले सांगितलं, “तुमचं बरोबर हाये, बाई. कागदाचं चूक हाये.” आणि तिचा हात धरून आत नेलं. नर्सबाईपुढं उभं केलं. म्हटलं, लिहिलेला कागद द्या. ती म्हणाली, यांना वाचता येत नाही. मी म्हटलं, घरात कोणाले तरी येते. नाही तर मी जाऊन वाचून दाखवतो. द्या.

दिला.

सुई मी टोचली. माझ्या हातानं टोचली. वीस रेघा दोनदा मोजून टोचली, आणि तिनं मागितला तेव्हा गूळ दिला नाही. ते माझं आहे, मी कोणावर ढकलत नाही. पण अडाणी म्हणून तिचं चित्र पडद्यावर लावलं तर जिथं लावलं तिथली पिन ओढीन. आणि भिंतीवर सूर्य कोराच लावला तर खाली लिहीन. नवा लावला तर पुन्हा लिहीन. पहिला मार्कर संपला आहे. दुसरा घेतला आहे.